मायाक्काच्या नावाची फाइल

जुळे सोलापूर
६ जानेवारी २०२५

मल्हारा,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर पत्रात नव्याने द्यावे लागत नाहीत. तू याला ईमेल म्हण, मी पत्रच म्हणणार. उभा जन्म प्राथमिक शाळेत पोरांकडून पत्रलेखन घोटून घेण्यात गेला, आता तुझ्या आत्याची सवय मोडायची नाही.

मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते हे तुला ठाऊक आहे. सगळ्या पोरी विशीतल्या, आणि त्यांच्यात मी. शिकवणारे विरेश सर माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलांच्या वयाचे. ते मला मॅडम म्हणतात, आणि ते फळ्यावर चुकले की मी त्यांना ‘बाकावर उभा राहा’ म्हणायच्या बेतात असते. सध्या पीएचपी, म्हणजे वेबसाइटची भाषा, चालू आहे. नाव लिहा, गाव लिहा, बटण दाबा, असा फॉर्म मला जमला. पण त्याच फॉर्ममधून गाण्याची फाइल पाठवली की पलीकडे नुसतं तिचं नाव पोचतं, फाइलचा पत्ता नाही. सर म्हणतात, पुढच्या महिन्यात घेऊ. मला तेवढं थांबता येणार नाही.

वस्तीवरच्या बायकांच्या ओव्या एका जागी ठेवायच्या हे माझं जुनं खूळ. पण आता त्यात तुझी आई आली. डॉक्टरांनी फेब्रुवारीतली तारीख दिली आहे. गाठ स्वरयंत्रावरच आहे, ते सगळंच काढावं लागणार. जीव वाचेल म्हणाले, आवाज राहणार नाही. तुझ्या आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, “वन्सं, मल्हारसाठी एक गाणं म्हणून ठिवते की. नंतर काय म्हणायला येनार न्हाय.”

मी ते व्हॉट्सॲपवर पाठवणार नाही. तुझ्या फोनमध्ये शुभ सकाळच्या फुलांचा ढीग पडलेला असतो, त्यात ते बुडून जाईल. त्याला स्वतःची जागा हवी. तेव्हा माझा फॉर्म कुठं चुकतोय ते सांग.

तुझी
वैजयंती आत्या


वॉर्सा
८ जानेवारी २०२५

आत्या,

विरेश सरांची मला दया येते आहे.

तुझा फॉर्म बघितला. एकच ओळ राहिली आहे. साधा फॉर्म फक्त अक्षरं वाहून नेतो. फाइल न्यायची असेल तर फॉर्मच्या पहिल्या ओळीत ‘एनकटाइप’ म्हणून एक सूचना द्यावी लागते आणि त्यात ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’ लिहावं लागतं. हे सगळे विसरतात. मी पहिल्या नोकरीत विसरलो होतो आणि दोन दिवस सर्व्हरला शिव्या घालत बसलो होतो.

आता दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. फाइल पोचली म्हणजे राहिली असं समजू नकोस. सर्व्हर तिला आधी एका तात्पुरत्या जागेत ठेवतो, ओसरीवर पाहुणा बसवावा तशी. तुझा प्रोग्रॅम संपायच्या आत तू तिला उचलून आतल्या खोलीत नेलं नाहीस, तर तो तिला पुसून टाकतो. उचलून नेण्यासाठी ‘मूव्ह अपलोडेड फाइल’ ही आज्ञा. आधी तपासायचं की आलेली फाइल ऑडिओच आहे ना, कोणी भलतंसलतं तर पाठवलं नाही ना. मग हलवायची.

आत नेताना नाव तू दे. लोकांच्या फाइलींची नावं ‘न्यू रेकॉर्डिंग’ वगैरे असतात, त्यावरून तुला काही सापडणार नाही. सध्या गाणाऱ्या बाईच्या नावानं ठेव. नावांच्या बाबतीत आणखी एक-दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, त्या पुढच्या वेळी सांगतो, आता मीटिंग आहे.

माझ्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं आहे. कार्ड हातात येण्याआधी देश सोडला तर परत येताना अडवतील आणि नोकरी जाईल. आईला हे समजावून सांग. मी रविवारी फोन करतोच.

मल्हार


जुळे सोलापूर
१९ जानेवारी २०२५

मल्हारा,

जमलं. ती ओळ घातली आणि माझ्याच आवाजातली ‘एक दोन तीन’ची फाइल सर्व्हरवर जाऊन बसली. वर्गातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग मोठी फाइल पाठवली तर पुन्हा नकार. दोन एमबीच्या वरचं काही घ्यायचं नाही असा मूळचा नियम असतो म्हणे. सरांनी सेटिंगमध्ये मर्यादा वाढवून दिली.

पुढची अडचण मात्र तुमच्या पुस्तकात सापडणार नाही. मी फॉर्ममध्ये ‘पूर्ण नाव’ असा रकाना केला होता. पूर्ण नाव म्हटलं की मधे नवऱ्याचं नाव आलं, आणि आपल्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या काही केल्या ते तोंडातून काढत नाहीत. तुझी आई बघ. दादाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी विचारल्यावर पदर तोंडाला लावून म्हणाली, “तुमाला ठावं हाय की, तुमीच लिवा.” मी लिहिलं असतं, पण बाकीच्या बायकांचं कोण लिहिणार? एक आजी तर त्या रकान्याला बघूनच उठून गेली. शेवटी मी तो काढून टाकला आणि नुसतं ‘बाईचं नाव’ ठेवलं. मग सगळ्याजणी खुशीत गायला तयार झाल्या.

तुझ्या आईचं गाणं परवा वस्तीवरच्या अंगणात घेतलं. शेजारची करडं मधे मधे ओरडत होती, त्यांना हाकलू दिलं नाही तिनं. “असू द्या, त्येला बी वळख पटंल,” म्हणाली. घसा दुखत होता, तरी नऊ मिनिटं म्हणत राहिली. गाणं तुझ्यासाठीच बांधलेलं आहे. काय म्हटलं ते मी सांगत नाही, तू ऐकशीलच.

घरी येऊन लगेच फाइल चढवली. तुझ्या आईच्याच नावानं, ‘मायाक्का’ म्हणून आहे. दुवा खाली देते आहे. फोनमधून काढून टाकली, कारण दवाखान्याचे फोटो आणि रिपोर्ट ठेवायला जागाच उरली नव्हती. आता ती सर्व्हरवर सुखरूप आहे.

ऐक आणि तिला फोन करून सांग. ती वाट बघते आहे.

वैजयंती आत्या


जुळे सोलापूर
१६ फेब्रुवारी २०२५

मल्हार,

तुझे पैसे दवाखान्यात पोचले, तुझे मेसेज पोचले, तुझ्या मित्राने पाठवलेली फळं पोचली. तू ते गाणं ऐकलंस की नाही, हे मात्र अजून कळलेलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर समाधानी आहेत. गळ्याला पुढून एक भोक ठेवलं आहे, त्यातून ती श्वास घेते. नाकातोंडातून आता वाराही जात नाही. काल तिला खुर्चीत बसवलं. तिनं बोलायला तोंड उघडलं, ओठ हलले, आणि आवाज आला नाही तेव्हा तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला खिडकीकडं तोंड फिरवावं लागलं. सगळं सांगितलेलं होतं रे तिला. सांगणं वेगळं असतं.

आज सकाळी तिनं हातानं उंची दाखवली, एवढा पोरगा, म्हणजे तू. मग कानाला हात लावला. मी म्हटलं, “ऐकलं असंल की, कामात असंल.” मी तुझ्यासाठी खोटं बोलायला लागले आहे, हे मला आवडलेलं नाही.

वैजयंती आत्या


वॉर्सा
१८ फेब्रुवारी २०२५

आत्या,

ऐकलं. काल रात्री हेडफोन लावून पूर्ण ऐकलं.

काय लिहू? मी रडलो. आवाज थोडा जाडसर लागला, दुखण्यामुळं असेल. पण सुरुवातीलाच ती ओवी आली आणि मला पुढं काही सुधरेना.

जेऊर टेसनाला गाडी थांबली घटकाभर
लेक उतरंना माझा, डोळं लागलं वाटंवर

हे तिनं माझ्यासाठीच बांधलं ना? मी उतरत नाही आणि ती बघत उभी आहे. आई जेऊरला कधी गेली होती ते मला आठवत नाही, पण ओवीत गाव कुठलंही येत असेल. तिला सांग की मल्हारनं ऐकलं. सांग की तिच्यासारखं कोणी गात नाही.

कार्डाचं अजून काही नाही. रोज त्यांच्या साइटवर बघतो.

मल्हार


जुळे सोलापूर
२० फेब्रुवारी २०२५

मल्हारा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईला सांगितलं, ऐकलं म्हणून. तिनं डोळे मिटून मान हलवली.

क्लासमधली एक शंका आहे. एका नावाची फाइल सर्व्हरवर आधीच असेल, आणि त्याच नावाची दुसरी आली, तर काय होतं? विरेश सर आजारी आहेत, म्हणून तुला विचारते. लवकर कळव.

आत्या


वॉर्सा
२० फेब्रुवारी २०२५

आत्या,

चांगली शंका आहे, क्लासमध्ये तूच पहिली येणार. दुसरी पहिलीच्या जागी बसते. सर्व्हर विचारत नाही, सांगत नाही, कुठं चूक झाली असंही दाखवत नाही. पहिली फाइल पुसली जाते. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावाला वेळ किंवा एखादा आपोआप तयार होणारा आकडा जोडायचा, म्हणजे कधीच दोन सारख्या होत नाहीत. किंवा हलवायच्या आधी बघायचं की हे नाव घेतलेलं आहे का. हेच मी तुला ‘पुढच्या वेळी सांगतो’ म्हणालो होतो, राहून गेलं.

कोणाचं गेलं का काही? ज्यांच्याकडून सर्व्हरची जागा घेतली आहे त्यांच्याकडं जुनी प्रत असू शकते, विचारायला सांग.

आई जेवते का?

मल्हार


जुळे सोलापूर
२३ फेब्रुवारी २०२५

मल्हारा,

बसून वाच.

माझ्या क्लासमध्ये सोनम नावाची पोरगी आहे. तिची आजी जेऊरला असते. तिलाही ओव्या येतात, म्हणून मीच सोनमला म्हटलं, आजीचं गाणं घेऊन माझ्याच फॉर्ममधून चढव. तिनं फेब्रुवारीच्या सुरुवातीला चढवलं. आजीचं नाव मायाक्का.

मला हे सुचायला हवं होतं. चिंचलीच्या मायाक्का देवीला जाणाऱ्या आपल्या लोकांत घरटी एक मायाक्का आणि एक बिरुदेव असतो. शाळेत माझ्या एका वर्गात तीन बिरुदेव होते, मी त्यांना बापाच्या नावावरून हाक मारायची. आणि इथं मीच बापाचा, नवऱ्याचा, कोणाचाच रकाना ठेवला नाही.

तू जेऊर लिहिलंस तेव्हा मी फाइल उघडली. पहिल्या शब्दालाच कळलं. तुझ्या आईचं गाणं गेलं आहे. जागावाल्यांना फोन केला. आपल्या स्वस्तातल्या योजनेत जुनी प्रत ठेवत नाहीत म्हणाले. सात रस्त्याजवळच्या एका दुकानात फोन दिला, पुसलेलं परत काढतात म्हणून. त्यावर दवाखान्याचे इतके फोटो चढले होते की खालचं काही हाती लागलं नाही.

आणखी एक आहे, तेही सांगते. मला ते गाणं आठवत नाही. मी समोर बसले होते, पण मी ऐकत नव्हते. मी फोनकडं बघत होते, रेघ हलते आहे ना, बॅटरी आहे ना, करडाचा आवाज फार येतोय का. मनाशी म्हटलं, नंतर निवांत ऐकू. पाठीवर बाळ आणि म्होरं मेंढरं, असं काहीतरी होतं, तेवढा एक तुकडा राहिला आहे. बाकी काही नाही.

तू ज्या आवाजावर रडलास तो तुझ्या आईचा नव्हता. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

वैजयंती


वॉर्सा
५ मार्च २०२५

आत्या,

उत्तर द्यायला उशीर झाला. मी रागावलो असेन असं तुला वाटलं असेल. नाही. ऐक, आता मी सांगतो.

तू दुवा पाठवलास त्या दिवशीच मी तो बघितला होता. उघडला नाही. वाटलं, हे ऐकलं की ऑपरेशन खरं होणार. ज्या बाईचा आवाज आहे तिचं गाणं साठवून ठेवायची गरजच काय, असं काहीतरी डोक्यात होतं. रोज ठरवायचो, उद्या. तिचा रविवारचा फोन चालू होता ना तोवर. मग तो बंद झाला, तुझं पत्र आलं, तेव्हा उघडलं. जानेवारीत एकदा उघडलं असतं तर एक प्रत माझ्याकडं राहिली असती. मी हेच काम करतो आत्या. लोकांच्या फाइलींच्या प्रती ठेवायचा मला पगार मिळतो.

पण मला झोप येत नाही ती यानं नाही. मी ओळखलं नाही. नऊ-दहा मिनिटं दुसऱ्या कोणाची आई गात होती आणि मी आई आई करत रडत होतो. तू काहीच बोलली नसतीस तर मी जन्मभर त्या बाईचा आवाज आईचा म्हणून जपला असता. इतकी वर्षं फोनवर ती विचारायची, जेवलास का, थंडी हाय का तिकडं. मी हो हो म्हणायचो आणि स्क्रीनवर दुसऱ्या खिडकीत काम करत असायचो. तिचं ऐकायचं म्हणून मी कधी ऐकलंच नाही.

हे तिला सांगू नकोस. गाणं गेलं ते सांगू नकोस, आणि मी ओळखलं नाही ते तर मुळीच नको. तिला वाटू दे की मी ऐकलं.

मल्हार


जुळे सोलापूर
१२ मार्च २०२५

मल्हारा,

तुझं पत्र यायच्या आधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं. मला सांगावं लागलंच नाही.

ती आता माझ्याकडं असते. एक तारखेला, शनिवारी दुपारी तिनं खूण केली, ते लाव. मी म्हटलं, चार्जिंग नाही. तिनं वायर आणून माझ्या हातात दिली. मग काय करणार? मी लावलं. जेऊरची मायाक्का गायला लागली, आणि तुझ्या आईनं मान वर केली. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर मला फोन फेकून मारेल. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. त्या स्टेशनच्या ओवीला तर मान डोलावली, गाणारीनं गाणारीला द्यावी तशी दाद दिली. मग माझ्याकडं बघून तिनं ओठांनी विचारलं, माझं?

मी हात जोडले. सगळं सांगितलं. तू ओळखलं नाहीस तेही सांगितलं. तू नको म्हणाला असतास, पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही. ती बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडली. चहा घेतला नाही. संध्याकाळी उठली, माझ्याजवळ आली, आणि बोटानं गालावर पाणी काढून दाखवलं. तो रडला का? मी म्हटलं, व्हय वैनी, लई रडला. तिनं मान हलवली. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

परवा सकाळी तिनं फोन माझ्या हातात दिला आणि समोर मांडी घालून बसली. मला कळेना. मग तिनं ओठ हलवायला सुरुवात केली. ती तेच गाणं म्हणत होती, मल्हारा. आवाज नाही. गळ्याच्या भोकातून श्वास आत जातो, बाहेर येतो, ओळ मोठी असली की लांब, तोडली की तुटक. मधे खोकला आला, कफ आला, मी पुसला, ती पुन्हा सुरुवातीपासून लागली. मी या वेळी फोनकडं बघितलं नाही, तो उशीला टेकवून ठेवून दिला. तिच्या ओठांकडं बघत बसले. शब्द मला वाचता आले नाहीत, एखाददुसरा सोडला तर. तुझं नाव मात्र दोनदा आलं, ते मला दिसलं.

फाइल चढवली आहे. नावाला तारीख, वेळ आणि तू सांगितलेला आकडा जोडला आहे. फोनमध्येही ठेवली आहे, आणि सोनमच्या कॉम्प्युटरवरही. जेऊरच्या मायाक्काची फाइल तशीच राहू द्यायची, असं तुझ्या आईनं मला बजावलं आहे.

यात ऐकण्यासारखं काही नाही. तरी ऐक.

आत्या


वॉर्सा
१३ मार्च २०२५

आत्या,

फाइल मिळाली. लगेच उघडली. ऑफिसमध्ये होतो, जिन्यात जाऊन ऐकली.

नंतर तुझ्या फोनवर व्हिडिओ न लावता साधा फोन केला. तू अंघोळीला गेली होतीस वाटतं, कारण आईनंच उचलला. तिला बोलता येत नाही हे मला माहीत होतं. मी नुसता ऐकत राहिलो. श्वास अगदी जवळून यायला लागला, म्हणजे तिनं फोन कानाला नाही लावला, गळ्याशी धरला.

मी ओळखली तिला.

मल्हार